सतरा

दिवाडीच्या आमच्या शाखेत पितळेची टोकनं होती,
एक ते चाळीस, मधलं सतरा सोडून.
सोळानंतर अठरा पुकारायचं
हे कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.
गावाला ठाऊक होतं, कायतान शिपायाला ठाऊक होतं,
आयांबरोबर बाकावर बसलेल्या पोरांनाही.

मी लागलो तेव्हा मला कुणी काही शिकवलं नाही.
चहा पावणेअकराला,
कारण दूध साडेदहाच्या फेरीबोटीने येतं.
एस्कोलास्तिका बायची सही दर खेपेला वेगळी,
तिथे सही बघायची नाही, माणूस बघायचं.
पुरुमेंताच्या दिवसांत कुणी ठेव मोडायला आलं
तर आधी, घरी बरं आहे ना?
मग फॉर्म.

आणि तिसऱ्याच आठवड्यात माझी चूक.
नातिविदाद तारवटी एजंटाचे पैसे काढायला आलेला,
बाहेर फेरीबोटीचा भोंगा,
मी घाईत नोटा मोजल्या, टोकन घ्यायचं राहिलं.
टोकन त्याच्या खिशात, तो बोटीवर,
बोट कुठे, कोण जाणे.
संध्याकाळी हेडकॅशियर केंकऱ्यांनी टोकनं ओळीने मांडली.
मी उभा. घाम मानेवरून कॉलरमध्ये.
त्यांनी चष्मा पुसला, रजिस्टर ओढलं,
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
सतरा, समुद्रात.
म्हणाले, पंखा बंद कर, चल.

मला विचाराल तर नेमणूक तेव्हा झाली,
पत्र आधीच आलं होतं एवढंच.

यंदा आम्ही विलीन झालो.
बोर्ड उतरवला तेव्हा मागे पालीची अंडी निघाली
आणि भिंतीचा एक निळा तुकडा,
जो आमच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता.
पासवर्ड आला बारा अक्षरांचा,
दर पंचेचाळीस दिवसांनी शिळा होणारा.
मॅनेजर आली नागपूरची, मृण्मयी भुसारी,
वय माझ्या नोकरीपेक्षा कमी.
पहिल्याच सोमवारी तिने भिंतीवर नव्या बँकेची पाच मूल्यं लावली,
काचेच्या फ्रेममध्ये.
कायतान म्हणाला, खिळा जुनाच चालेल ना?

मग चिठ्ठ्यांचं मशीन.
आतून एका बाईचा न थकणारा आवाज:
टोकन क्रमांक सतरा, खिडकी एक.
कुणी हललं नाही.
चिठ्ठी एस्कोलास्तिका बायच्या मुठीत.
ती म्हणाली, हो म्हजो न्हय. तो आंकडो दर्यार गेला.

भुसारीने माझ्याकडे पाहिलं.
मी सांगितलं, थोडक्यात, कारण रांग होती.
ती हसली नाही. हेड ऑफिसला फोन लावला,
एक आकडा वगळता येतो का?
तिकडून म्हणाले, तक्रार नोंदवा.
नोंदवली. तिलाही नंबर मिळाला,
अठ्ठ्याऐंशी हजार आणि काहीतरी.

खरं सांगतो, मी रुसलो होतो.
पंधरा दिवस एकाच बोटाने टाइप केलं,
दुसरं बोट येत असूनही.

मग लक्षात आलं,
रोज सोळावं गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन बाजूला झालं
की ती केबिनमधून येते,
उगाच कॅलेंडर बघितल्यासारखं करते,
सतरावी चिठ्ठी स्वतः काढते.
मशीन पुकारतं. बाकावरची माणसं जमिनीकडे बघतात.
ती खिडकीशी येते, चिठ्ठी काचेखालून सरकवते,
म्हणते, बोला, आज काय?

मी सांगतो: पुरुमेंत म्हणजे काय,
मे महिन्यात सुक्या मासळीसाठी किती नोटा सुट्या लागतात.
ती सांगते: एंटरच्या आधी टॅब,
आणि पासवर्ड ड्रॉवरच्या आत लिहून चिकटवू नका, मी पाहिलाय.
एवढंच. मिनिटभर.
कधी दोघांनाही काही सुचत नाही,
ती फ्रेमकडे बघते, मी घाटाकडे.

भोंगा होतो.
अठरा.